पँथालासा : कापलेलं, जोडलेलं, पुन्हा उसवलेलं

'रीमिक्स' हा शब्द आपल्याकडे जवळजवळ शिवीसारखा वापरतात. माझ्या पिढीपुरतं बोलायचं तर ह्याचं सगळं श्रेय 'काँटा लगा'ला. १९७२ च्या 'समाधी' सिनेमातलं आर. डी. बर्मनचं गाणं, लताबाईंचा आवाज. २००२ मध्ये ते ढिंगच्याक बीटवर स्वार होऊन परत आलं आणि घराघरात दोन तट पडले. एक तट टीव्हीसमोरून हलेना, दुसरा तट "काय हे आजकाल" म्हणत त्याच टीव्हीकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होता :)

पण गंमत अशी, की त्या काळातल्या बहुतेक रीमिक्समध्ये मूळ रेकॉर्डिंगला कुणी हातही लावलेला नव्हता. चाल तीच, शब्द तेच, पण गाणारा गळा नवा, ठेका नवा. आपल्या कॉपीराइट कायद्यात तेव्हा ह्या 'व्हर्जन रेकॉर्डिंग'ला बर्‍यापैकी मोकळीक होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती आवळली. आता मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच वर्षं थांबावं लागतं, आणि तांत्रिक गरजेपलीकडे काही बदलायचं तर मालकाची परवानगी लागते. थोडक्यात काय, आपण ज्याला रीमिक्स म्हणून नाकं मुरडली ते खरं तर पुनर्गायन होतं. रीमिक्स म्हणजे शब्दशः री-मिक्स. मूळ टेप काढायची, तिच्यावरचे वेगवेगळे ट्रॅक सुटे करायचे आणि परत नव्याने मिसळायचे. गळा तोच, बोटं तीच, त्या दिवशीची त्या खोलीतली हवासुद्धा तीच. तरीही गाणं वेगळं.

आज असल्याच एका अल्बमबद्दल लिहायचंय. गेली कित्येक वर्षं माझ्या हेडफोन्समध्ये तो येऊन-जाऊन असतो, आणि गेल्या वर्षी घरातल्या एका वादात तो अचानक साक्षीदार म्हणून उभा राहिला. त्या वादाबद्दल पुढे.

अल्बमचं नाव 'पँथालासा'. साल १९९८. संगीत माइल्स डेव्हिसचं, १९६९ ते १९७४ ह्या काळातलं. पण माइल्स १९९१ मध्येच गेला होता. त्याच्या मागे कोलंबियाच्या कपाटातल्या जुन्या मल्टिट्रॅक टेप्स घेऊन बिल लॅसवेल नावाच्या माणसाने हा अल्बम बांधला. हा स्वतः बास वाजवतो, आणि हर्बी हँकॉकचं १९८३ सालचं 'रॉकिट' ज्यांनी घडवलं त्यांच्यातला एक. पण त्याची खरी आवड म्हणजे डब. जमैकातली ती रीत, की गाण्यातून आवाज काढून घ्यायचे, बास आणि ड्रम उरू द्यायचे, आणि रिकाम्या जागेत प्रतिध्वनी सोडून द्यायचे. पँथालासाच्या कव्हरवर त्याने स्वतःच्या कामाला नुसतं 'मिक्स' म्हटलेलं नाही, 'मिक्सचं भाषांतर' अशा अर्थाचा शब्द वापरलाय. हा शब्द मला फार आवडतो. का, ते ओघात येईलच.

आधी जरा त्या काळातल्या माइल्सबद्दल. १९६९ पर्यंत तो जॅझमधला बडा आदमी झालेला होता. सूट, ट्रम्पेट, अकूस्टिक पियानो, सगळं कसं शिस्तीत. मग ह्या गृहस्थाने इलेक्ट्रिक पियानो आणले, इलेक्ट्रिक गिटार आणली, पुढे ट्रम्पेटलाच वा-वा पेडल जोडलं. जुने चाहते हादरले. १९७२ मध्ये 'ऑन द कॉर्नर' आला तेव्हा तर समीक्षकांनी त्याला अक्षरशः धुतला. तोच ठेका, तोच बास, पुन्हा पुन्हा, मिनिटंच्या मिनिटं. ह्यात जॅझ कुठाय? वर कव्हरवर वादकांची नावंही नाहीत. आज तोच अल्बम लोक हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा पूर्वज म्हणून ऐकतात. काळाचा महिमा, दुसरं काय!

ह्या 'ऑन द कॉर्नर'वर तबला आहे, बरं का. वाजवणारा बादल रॉय. आत्ताच्या बांगलादेशातल्या कोमिल्ल्याचा. न्यूयॉर्कला आला तो स्टॅटिस्टिक्स शिकायला. म्हणजे आपल्यातल्या कित्येकांचीच गोष्ट, फक्त साल १९६८. पोटासाठी हॉटेलात काम आणि संध्याकाळी एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये तबला. तिथे गिटारवाला जॉन मॅक्लॉफ्लिन यायचा, दोघं वाजवत बसायचे. त्याच्यामुळे हा माइल्सपर्यंत पोचला. स्टुडिओत माइल्सने त्याला सुरुवात करायला सांगितलं. कसली सुरुवात, कुठला ताल, काही नाही. कर सुरू! ह्याने हाताला सुचेल तो ठेका धरला आणि बाकीची फौज मागून आत आली. बादल रॉय २०२२ मध्ये गेला. त्याच अल्बमवर सतार वाजवणारा कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये मोटार अपघातात गेला. त्याच्या 'ऑरेगन' ह्या चमूत पुढे त्याची जागा घेतली ती मुंबईच्या त्रिलोक गुर्टूने, म्हणजे आपल्या शोभाताई गुर्टूंच्या मुलाने. आणि हाच त्रिलोक २००० साली झाकीरभाई, तल्वीन सिंग आणि कर्ष काळेबरोबर 'तबला बीट सायन्स' नावाच्या प्रकल्पात दिसतो. तो प्रकल्प कुणाचा? झाकीरभाई आणि ह्याच बिल लॅसवेलचा. जग लहान आहे म्हणतात ते उगाच नाही.

आता मुद्द्याचं. मेलेल्या माणसाचं संगीत कापायचा अधिकार लॅसवेलला कुणी दिला? कायद्याने म्हणाल तर कंपनीने. पण प्रश्न तो नाही. माइल्सने जे पूर्ण झालं म्हणून जगासमोर ठेवलं, ते परत उसवायचं म्हणजे आगाऊपणा नाही का?

मलाही आधी असंच वाटायचं. मग 'इन अ सायलेंट वे' नीट ऐकला.

हा १९६९ चा अल्बम. १८ फेब्रुवारी, एका दिवसाचं रेकॉर्डिंग. दोन बाजू, मिळून अडतीसेक मिनिटं. दुसर्‍या बाजूची सुरुवात म्हणजे जो झाविनुलची एक संथ चाल. गिटार हळूच येते, मग सॅक्सोफोन, मग ट्रम्पेट. चारेक मिनिटं. मग मधला झपाटलेला भाग, आणि शेवटी ती चाल परत येते. मी कित्येकदा ऐकताना मनात म्हणायचो, काय सुंदर परतलेत, मधल्या वादळानंतर तोच हळुवारपणा, सूरसुद्धा तस्साच लागलाय! तस्साच लागणारच हो. तो तोच आहे. प्रोड्यूसर टिओ मॅसेरोने टेपचा तो तुकडा कॉपी करून शेवटी चिकटवलाय. पहिल्या बाजूवरही हाच प्रकार, सुरुवातीची मिनिटं शेवटी जशीच्या तशी. १९६९ मध्ये, ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन, कॉपी-पेस्ट!

म्हणजे जो 'मूळ' अल्बम पवित्र मानून आपण लॅसवेलवर डोळे वटारतोय, तोच मुळी एक संपादन आहे. त्या दिवशी त्या खोलीत त्या क्रमाने ते संगीत वाजलंच नव्हतं. 'रेटेड एक्स' नावाच्या तुकड्यात तर माइल्स ट्रम्पेटच वाजवत नाही, ऑर्गनवर बोटं दाबून बसलाय. खाली ड्रम्स-बासचा गदारोळ मध्येच खटकन बंद होतो आणि परत खटकन सुरू होतो. हे कुणा वादकाचं कौशल्य नाही. मिक्सिंगच्या टेबलावर मॅसेरोने ते ट्रॅक बंद-चालू केलेत.

आपल्या भाषेत सांगायचं (आपल्या म्हणजे आपल्या धंद्याच्या) तर मल्टिट्रॅक टेप म्हणजे सोर्स, आणि दुकानात मिळणारी रेकॉर्ड म्हणजे त्यातून काढलेला एक बिल्ड. आपल्याला तो बिल्ड पाठ झालेला असतो म्हणून आपण त्यालाच सोर्स समजतो. लॅसवेलने काय केलं, तर त्याच सोर्समधून वेगळा बिल्ड काढला. जुना डिलीट केला नाही. तो जिथे होता तिथेच आहे.

हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. जॉर्ज लुकसने १९९७ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या जुन्या सिनेमांना नवी इफेक्ट्स चिकटवली तेव्हा लोक का भडकले? नवी आवृत्ती केली म्हणून नाही, जुनी हळूहळू मिळेनाशी झाली म्हणून. पुलंनी 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली म्हणून शॉचं नाटक ग्रंथालयातून कुणी काढून टाकलं नाही. भाषांतर हे मूळ शेजारी असलं की भाषांतर असतं. मूळ पुसून टाकलं की ते अतिक्रमण.

मग पँथालासात आहे काय? चार लांब तुकडे, मिळून तासाभराचं काम. पहिला 'सायलेंट वे'चा. इथे लॅसवेल मॅसेरोची ती परतफेड अडवतो, तुकड्यांचा क्रम बदलतो, आणि सगळं पाण्याखालून आल्यासारखं वाहतं. दुसरा 'ऑन द कॉर्नर'च्या आसपासचा. 'ब्लॅक सॅटिन', आणि पुढे त्या वेळी कुठेच प्रसिद्ध न झालेलं काही. ह्यात बादल रॉयचा तबला माझ्या कानाला पहिल्यांदा 'दिसला'. मूळ रेकॉर्डवर तो गर्दीत आहे, दादरच्या जिन्यावर ओळखीचा माणूस असावा तसा. लॅसवेलने गर्दी जरा बाजूला केली. तिसरा 'रेटेड एक्स' आणि 'बिली प्रेस्टन', हा सगळ्यात आक्रमक.

आणि चौथा 'ही लव्ह्ड हिम मॅडली'. ड्यूक एलिंग्टन मे १९७४ मध्ये गेला आणि पुढच्याच महिन्यात माइल्सने त्याच्यासाठी हे वाजवलं. मूळ तुकडा बत्तीस मिनिटांच्या वर. पहिली दहाएक मिनिटं तर ठेकाच नाही. ऑर्गन, गिटारीचे थेंब, कुठेतरी लांब ड्रमवर चाललेली कुजबुज. गेलेल्याच्या घरी आपण जाऊन बसतो ना, कुणीच काही बोलत नाही, पंखा फिरत असतो, तसं. मग केव्हातरी लय येते, आणि ट्रम्पेट तर बर्‍याच उशिरा. ब्रायन ईनोने १९८२ च्या 'ऑन लँड' अल्बमबरोबर लिहिताना ह्या तुकड्यातल्या अवकाशाचं ऋण मान्य केलंय. लॅसवेलच्या हातात ह्या तुकड्याची लांबी निम्म्याहूनही कमी होते. आवाज अप्रतिम, खोल, काळोखा. पण ते ताटकळणं गेलं. माझ्या मते पँथालासाची हीच एक खरी हानी. शोकाला संपादक नको असतो.

इथे घरातला वाद येतो.

माझे बाबा बँकेत होते आणि संध्याकाळी पेटी घेऊन बसायचे. नाट्यगीतं, अभंग, अधूनमधून यमन. मैफिलीत वगैरे कधी गायले नाहीत. त्यांची एकच कॅसेट आहे, नव्वद मिनिटांची, १९९१ च्या दिवाळीत आमच्या हॉलमध्ये केलेली. बाबा जाऊन चार वर्षं झाली. गेल्या वर्षी मी ती कॅसेट डिजिटल करून घेतली आणि ताईला पाठवली. ताई एडिसनला असते. तिचा फोन आला, "अरे, मी ह्याचं छान एडिट करून घेते. खोकला, कुकरच्या शिट्ट्या, मधल्या गप्पा काढून टाकू. मुलांना ऐकवता येईल."

मी म्हटलं, "ताई, कुकर नको ना काढूस."

"का?"

का, ते मला धड सांगता आलं नाही. नव्वद मिनिटांत गाणं असेल चाळीसएक मिनिटं. बाकी सगळं म्हणजे बाबा अंतरा विसरतात आणि हसतात, "अगं चहा टाकतेस का" म्हणून आईला हाक मारतात, मागे फटाके, मध्येच माझाच आठ वर्षांचा आवाज, "बाबा, झालं का?" संगीत म्हणून त्याची किंमत शून्य. पण बाबा तर तिथेच आहेत! गाण्यात ते कुणाची तरी नक्कल करत होते, चहा मागताना नाही.

ताईचं म्हणणंही चूक नव्हतं. "तू नव्वद मिनिटं कितीदा ऐकलीस रे?" तिने विचारलं. दोनदा. खरं सांगायचं तर दुसर्‍यांदा पूर्णही नाही. "मग? फाइल जपून ठेवणं म्हणजे ऐकणं नव्हे. माझ्या मुलांना मराठी जेमतेम कळतं, ती नव्वद मिनिटं बसणार आहेत का? वीस मिनिटं दिली तर निदान आजोबांचा आवाज कानावर तरी पडेल."

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाहीये. शेवटी ठरलं असं. मूळ फाइल मी तीन ठिकाणी ठेवली, रीड-ओन्ली करून. आणि ताईने तिची बावीस मिनिटांची आवृत्ती केली. ती ऐकली तेव्हा मी गप्प झालो. तिने काय केलं होतं, तर सुरुवातीला बाबा पेटीवर नुसता सा धरून बसतात, तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा शेवटी परत आणून ठेवला होता. ताईने आयुष्यात माइल्स ऐकलेला नाही. तरी हात तिथेच गेला! मी आत्तापर्यंत ती बावीस मिनिटं वीसेक वेळा ऐकली असतील.

आणि तरीसुद्धा एक गोष्ट टोचते ती टोचतेच. भाच्यांना जे आजोबा कळतील ते कधी खोकत नाहीत, अंतरा विसरत नाहीत, चहा मागत नाहीत. सुंदर गातात आणि संपतात. उद्या मी नसेन, ताई नसेल, ती रीड-ओन्ली फाइल कुठल्या डिस्कवर आहे हे कुणाला ठाऊक नसेल, तेव्हा बावीस मिनिटं हेच मूळ ठरेल. मॅसेरोचं संपादन जसं आपल्यासाठी 'मूळ माइल्स' झालं, अगदी तसंच. म्हणून मी आता मूळ फाइलसोबत एक टेक्स्ट फाइल ठेवलीय. कितव्या मिनिटाला काय आहे, कुणाचा आवाज, कुठली शिट्टी. डॉक्युमेंटेशन! धंद्यात ज्याचा सगळ्यात कंटाळा, तेच शेवटी कामाला आलं :)

असो. पँथालासाकडे परत येऊ. १९९९ मध्ये ह्याचाही एक रीमिक्स अल्बम निघाला. म्हणजे रीमिक्सचा रीमिक्स. त्यात डीजे क्रश, डीजे कॅम, किंग ब्रिट, डॉक स्कॉट अशी त्या वेळची क्लबवाली मंडळी आहेत. हा अल्बम मला निम्मा आवडतो. काही ठिकाणी बीट आधीच तयार आहे आणि वरून माइल्सचा ट्रम्पेट कोथिंबिरीसारखा भुरभुरलाय. भाजी तीच राहते. पण डॉक स्कॉटचं 'रेटेड एक्स' ऐका. हा माणूस ड्रम अँड बेसवाला, आणि मूळ १९७२ चा तुकडा तसाही त्याच दिशेने धावत होता. इथे नवं काही चिकटवल्यासारखं वाटतच नाही. आत दडलेलं कुणीतरी दार उघडून बाहेर काढलं, असं वाटतं. चांगला रीमिक्स आणि वाईट रीमिक्स ह्यांतला फरक मला तरी एवढाच कळलाय. एकाने मूळ टेप शेवटपर्यंत ऐकलेली असते, दुसर्‍याने फक्त तिचं नाव.

ऐकायचा विचार असेल तर माझा सल्ला असा. आधी 'इन अ सायलेंट वे' पूर्ण, हेडफोन लावून, मोबाइल उलटा ठेवून. मग 'ऑन द कॉर्नर'. पहिल्या फटक्यात डोकं दुखेल, हरकत नाही, दुसर्‍या दिवशी परत. मग पँथालासा. तेव्हा कळेल कोण कुठे हललंय ते. आणि एखाद्या रविवारी दुपारी घर रिकामं असेल तर मूळ 'ही लव्ह्ड हिम मॅडली', बत्तीसच्या बत्तीस मिनिटं, न कापता.

जाता जाता नावाबद्दल. माइल्सच्या १९७५ मधल्या ओसाकाच्या मैफिलीच्या एका अल्बमचं नाव 'पँजिआ'. पँजिआ म्हणजे सगळे खंड एकत्र होते तेव्हाची ती अखंड जमीन. आणि पँथालासा म्हणजे त्या जमिनीला चहूबाजूंनी वेढणारा एकच एक महासागर. लॅसवेलने नाव निवडताना जमिनीवर हक्क सांगितलेला नाही. भोवतीचं पाणी तेवढं आपलं म्हटलंय. मला हे सभ्यपणाचं वाटतं.

तुमच्याही घरात एखादी कॅसेट असेल, तर ती ह्या पावसाळ्यात बुरशी लागायच्या आत डिजिटल करून घ्या. कापायची की नाही ते नंतर भांडून ठरवा.